एका मिनिटाची रील आधी, लाखांचा कोर्स मग

‘तान्हाजी’ १० जानेवारी २०२० ला थिएटरात लागला, तेव्हा पोलादपूरकरांनी तो जरा जास्तच आपला मानला असेल तर नवल नाही. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ याच तालुक्यातलं. पण पडद्यावर दिसलेला कोंढाणा, ते सरळसोट कडे, ती अंधारी रात्र यातलं बरंचसं सह्याद्रीत नाही, स्टुडिओत आणि कॉम्प्युटरवर उभं राहिलं. अजय देवगणच्याच ‘एनवाय व्हीएफएक्सवाला’ कंपनीने ते काम केलं आणि त्याची धुरा होती प्रसाद सुतार यांच्याकडे. सिनेमा संपला की नावांची लांबलचक यादी वर सरकायला लागते आणि आपण चप्पल शोधत उठतो. त्या यादीत आपलंही नाव असावं असं वाटणारे आता महाड-पोलादपुरातही भेटतात. हातात बीकॉम नाहीतर बीएस्सीची डिग्री, मोबाइलमध्ये शंभर ट्युटोरियल्स आणि घरी एकच प्रश्न, ‘त्याचा कोर्स कितीला आहे?’

हा प्रश्नच चुकीच्या टोकापासून सुरू होतो, असं माझं मत आहे.

मुंबई-पुण्यातल्या खासगी इन्स्टिट्यूटची फी लाखांत जाते. ‘शंभर टक्के जॉब’ असं पोस्टरवर छापलेलं असतं. मग आईचे दागिने गहाण पडतात किंवा पतपेढीत कर्जाचा अर्ज जातो. वर्षभराने कळतं की पोराला अख्खा दिवस खुर्चीत बसून एकाच शॉटवर काम करायचा कंटाळा येतो! हे कळायला लाखभर रुपये मोजायची गरज नाही. तीन महिने आणि एक बरं मशीन पुरतं.

सॉफ्टवेअरचं रडगाणं तर आता गाऊच नका. ब्लेंडर पूर्ण फुकट आहे. स्टुडिओत कंपोझिटिंगसाठी सर्रास वापरतात त्या न्यूकची नॉन-कमर्शियल आवृत्ती शिकायला फुकट मिळते. धूर, पाणी, स्फोट करणाऱ्या हूडिनीची अॅप्रेंटिस आवृत्तीही मिळते, फक्त रेंडरवर त्यांचा शिक्का उमटतो. माया विद्यार्थ्यांना मोफत आहे, त्यामुळे कॉलेजचं आयकार्ड चालू आहे तोवर ते घेऊन टाका.

आता कामाबद्दल. तुमच्या डोक्यात ड्रॅगन आणि कोसळणाऱ्या इमारती असतील, पण फ्रेशरच्या वाट्याला बहुतेक वेळा येतो रोटो. नटामागे हिरवा पडदा नसेल तर त्याला पार्श्वभूमीपासून वेगळा करायला त्याच्या कडा हाताने आखाव्या लागतात. सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० फ्रेम. त्यात नायिकेचे केस उडत असले तर देवच वाचवो. हॉलीवूडचं हे वेळखाऊ काम वर्षानुवर्षं भारतात येतंय, कारण इथे ते स्वस्तात होतं. आपण फार कलाकार म्हणून नव्हे. कितीतरी रोटो आर्टिस्टची नावं त्या सरकत्या यादीत येतही नाहीत.

तरी मी रोटोला नावं ठेवणार नाही. डिग्रीचे मार्क, इंग्रजी, ओळखपाळख यातलं काही न विचारता एक टेस्ट देऊन आत घेणारं दार दुसरं फारसं नाही. अडचण वेगळीच आहे. कडा कापण्याचं हेच काम एआय भराभर शिकतंय. त्यामुळे ‘रोटो येतो’ एवढ्या भांडवलावर पाच वर्षं निघतील हा हिशोब आता धरू नका. रोटोतून आत जा, पण त्याच दिवसापासून पेंट किंवा कंपोझिटिंगकडे डोळा ठेवा. पेंट म्हणजे शॉटमधली नको ती वायर, खांब, माणूस पुसणं. कंपोझिटिंग म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणहून आलेले तुकडे एकाच वेळी, एकाच उजेडात टिपल्यासारखे जुळवणं. तिथे बटणं कमी आणि नजर जास्त लागते.

आणि नजर तयार करायला आपला भाग काही वाईट नाही. पावसाळ्यात पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या दिशेने बघा. जवळची झाडं काळपट हिरवी, त्यामागचा डोंगर निळसर, त्याच्याही मागचा नुसता राखाडी. लांब गेलं की काळा रंग काळा राहत नाही. नवशिका कंपोझिटर हमखास इथेच फसतो, लांबचा किल्ला जवळच्या झाडाइतकाच गडद ठेवतो आणि शॉट खोटा दिसतो. ओला डांबरी रस्ता कोरड्यापेक्षा काळा दिसतो, पण त्यात गाडीचा लाइट लांबलचक पसरतो. पुरातली सावित्री आणि डिसेंबरातली सावित्री यांचा रंग तर पोरंसोरंही सांगतील. ट्युटोरियलमधल्या न्यूयॉर्कमध्ये रोबोट उतरवण्यापेक्षा मोबाइलवर हे शूट करा. घाटातल्या शॉटमधून विजेचा खांब आणि तारा पुसा. एसटी स्टँडवर माणसांच्या मागे उभ्या गाडीचा रोटो करा. सावित्रीच्या पात्रात ब्लेंडरची होडी तरंगवा. तिचं प्रतिबिंब पाण्याबरोबर हललं पाहिजे आणि मोबाइलच्या चित्रातली खरखर तिच्यावरही दिसली पाहिजे.

घरच्या कुंडीतल्या गोष्टीवर रील करायची कल्पना काही नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत वाटाणा पेरला, त्याची वाढ रोज थोडी थोडी कॅमेऱ्यात टिपली आणि रोपटं भराभर उगवताना दिसेल अशी छोटी फिल्म केली. ती दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं. ही शोरीलच झाली की!

तुमची रील एक मिनिट, फार तर दीड मिनिटाची ठेवा. सगळ्यात चांगला शॉट पहिला, कारण बघणारा दहाव्या सेकंदाला कंटाळतो. दणदणीत म्युझिक नको. प्रत्येक शॉटवर ‘यात मी काय केलं’ ते एका ओळीत लिहा आणि मूळ शॉट शेजारी दाखवा. इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न तोच येतो, आणि मित्राचं काम स्वतःच्या नावावर खपवणारे तिथेच उघडे पडतात.

आपल्याकडची अजून एक खास भानगड म्हणजे लाइट. रात्रभर रेंडर लावायचा आणि पहाटे पावसात लाइट जायची. म्हणून थेट व्हिडिओ फाइल कधी काढू नका, सुट्या फ्रेम काढा. मग ८७ व्या फ्रेमला लाइट गेली तर ८७ पासूनच पुढे सुरू करता येतं.

हे सगळं करून, तीन महिन्यांनंतरही मजा येत असेल, तर खुशाल कोर्सला जा. तेव्हा तुम्हाला नेमकं काय शिकायचंय हे माहीत असेल आणि समोरचा सर काय शिकवतोय हेही कळेल. नोकरी लावतो म्हणून डिपॉझिट मागणाऱ्यापासून मात्र चार हात लांब राहा. नोकरीत पैसे कंपनी आपल्याला देते, आपण कंपनीला नाही.

खरा खर्च पुढेच आहे. स्टुडिओ अंधेरी, गोरेगाव, मालाडकडे, महाडपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्या हायवेबद्दल मी काय बोलू! पुण्यात अनिब्रेनसारखे स्टुडिओ आहेत, पण वरंधा घाट पावसाळ्यात किती दिवस चालू असतो ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे राहणं तिकडेच. फ्रेशरचा पगार खोलीचं भाडं, डबा आणि लोकलचा पास यातच जिरतो. महाड एमआयडीसीत शिफ्टला लागलेला मित्र पहिल्या वर्षी तुमच्यापेक्षा जास्त घरी पाठवेल, आणि गावात ही तुलना होणारच. डेडलाइन आली की रात्रीचे बारा वाजतात. मुलींनी जॉइन व्हायच्या आधीच घरी सोडायला गाडी आहे का हे स्पष्ट विचारावं, त्यात संकोच नको.

शिवाय हा धंदा डळमळीत आहे. ‘लाइफ ऑफ पाय’ला व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालं फेब्रुवारी २०१३ मध्ये, आणि तो वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूजने दिवाळखोरीचा अर्ज केला तोही त्याच महिन्यात. त्यांचा एक स्टुडिओ मुंबईत होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये एमपीसीची मालक असलेली टेक्निकलर कोसळली आणि बंगळुरू-मुंबईतल्या हजारोंच्या नोकऱ्या धोक्यात आल्या. त्यानंतर काही दिवसांतच ‘ड्यून : पार्ट टू’ने ऑस्कर घेतलं. त्यातलं मुख्य काम डीएनईजीचं, आणि डीएनईजीचा मोठा स्टुडिओ मुंबईत आहे. काही दिवसांच्या अंतराने दोन्ही बातम्या. म्हणून फी वाचवून ते पैसे बाजूला टाका म्हणतो, सहा महिने काम नसलं तरी भाडं भरता येईल एवढे. डिग्रीही अर्धवट सोडू नका.

राहिला प्रश्न मशीनचा. घरी ग्राफिक्स कार्ड आणि ३२ जीबी रॅमचा पीसी किती जणांकडे असेल? केंद्र सरकारने २०२५ मध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू केली. छानच झालं, पण पोलादपूरच्या पोराला तिचा उपयोग मुंबईत खोली मिळाल्यावरच. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, महाडमध्ये कॉलेजेस आहेत. त्यातल्या एकाने दहा चांगली मशीन्स असलेली एक खोली संध्याकाळी पाच ते नऊ उघडी ठेवली, बाहेरच्या बीए-बीकॉमवाल्यांनाही येऊ दिलं आणि शेवटच्या एसटीच्या वेळेचं भान ठेवलं तर? सुरुवातीला शिक्षक नसला तरी चालेल. यूपीएस मात्र हवा.