बेटावर जाताना घ्यावयाची शिदोरी

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, दिवाळीचा हंगाम आटोपून दुकानाला थोडी उसंत मिळते आणि मुलांच्या नाताळच्या सुटीत अंदमानला जाण्याचे बेत घरोघरी आखले जातात. तिकिटे काढताना मात्र एक प्रश्न हमखास निघतो. आजींचा चौविहार आहे, त्यांचे तेथे कसे होणार? पुष्कळदा आजी स्वतःच म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." सर्वांना ते सोयीचे वाटते आणि विषय मिटतो. वस्तुतः अडचण व्रताची नसते, तयारीची असते.

पहिली तयारी घड्याळाची. मुंबई सुमारे ७३ अंश पूर्व रेखांशावर, तर स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, सुमारे ९३ अंशांवर आहे. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे २० अंशांना ८० मिनिटांचा फरक. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. नाताळच्या सुमारास मुंबईत सूर्य सायंकाळी ६ नंतर मावळतो, तेथे ५ च्या सुमारास. पण उगवतोही तो साडेपाचच्या आसपास, त्यामुळे नवकारशी साडेसहापूर्वीच येते. भोजनास मिळणारा दिवस तेथे तोकडा नसतो. तो लवकर सुरू होऊन लवकर संपतो, एवढेच. म्हणून खोली ठरवतानाच स्वयंपाकघराशी बोलून सायंकाळचे जेवण ४ वाजता मिळेल का, हे विचारून घ्यावे. केवळ 'जैन भोजन' म्हणून भागत नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, आले यांची नावे घेऊन सांगावे. तेथे हिंदी सर्वत्र समजते. हिंदीत लिहिलेली चिठ्ठी सोबत असावी.

दुसरी तयारी शिदोरीची. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुधा १५ किलोच सामान नेता येते, तेव्हा निवड नेमकी हवी. पुरी, दशमी यांसारखे ओलसर पदार्थ दुसऱ्या दिवशी वासी होतात. ते प्रवासाच्या दिवसापुरतेच घ्यावेत. पुढील दिवसांसाठी खाखरा, भाजलेले कुरमुरे, मेतकूट व मुगाचे लाडू उपयोगी पडतात. श्वेतांबर परंपरेत अशा मिठाईची मर्यादा हिवाळ्यात ३० दिवसांची मानली जाते, म्हणजे आठवड्याच्या सहलीस अडचण नाही. तूप मोठ्या सामानात ठेवावे. सुके खोबरे अनेक विमान कंपन्या स्वीकारत नाहीत, ते घरीच राहू द्यावे. पाणी उकळण्यासाठी विजेची लहान किटली व गाळण्याचे स्वच्छ कापड विसरू नये. श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथून स्वराज द्वीपास बोटीने दीड ते अडीच तास लागतात. त्या दिवशीचे खाणे व बोट लागण्यावरचे औषध हाताशीच असावे.

तिसरी तयारी कपड्यांची. सुती, सैल व पूर्ण बाह्यांचे कपडे उन्हापासून जपतात, तसेच किनाऱ्यावरील बारीक वाळूमाश्यांपासूनही. अंग झाकलेले असले की त्यांना मारण्याची वेळ येत नाही. उन्हाचा लेप घेताना झिंक ऑक्साइडचा पाहावा. ऑक्सिबेन्झोनसारखी द्रव्ये प्रवाळास अपाय करतात आणि प्रवाळ ही सजीवांची वसाहत आहे.

परतीच्या सामानातही एक पथ्य आहे. किनाऱ्यावर सापडलेले प्रवाळ वा शंख-शिंपले मुलांनी पिशवीत टाकू नयेत. प्रवाळास व अनेक शंखांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. शिवाय रिकाम्या शंखात एखादा खेकडा घर करून राहिलेला असू शकतो.

एवढी यादी झाली की आजींना घरी ठेवण्यास कारण उरत नाही. ४ वाजता सर्व कुटुंब त्यांच्यासोबत जेवले, तर पाचच्या सुमारास समुद्रात मावळणारा सूर्य पाहायला सगळेच मोकळे असतात. एरवी त्याच वेळी घरातील निम्मी मंडळी दुकानात असतात.