विश्लेषण : हस्तलिखितांसाठी कोट्यवधींची तरतूद, मग जिल्ह्यातील मोडी दप्तरांचे काय?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनाला ३१ डिसेंबर २०२६ रोजी १०० वर्षे पूर्ण होतात. त्यांच्या पश्चात १९२७ मध्ये धुळ्यात उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळही शताब्दीच्या उंबरठ्यावर आहे. केंद्र सरकारने हस्तलिखितांसाठी ‘ज्ञान भारतम्’ अभियान सुरू केले असताना, जिल्हा पातळीवर कागद सांभाळणाऱ्या अशा संस्थांना त्याचा कितपत लाभ होईल, हा प्रश्न आहे.

धुळ्यातील मंडळाचे महत्त्व काय?

राजवाडे यांनी गावोगावी हिंडून वाड्यांच्या माळ्यांवर पडलेली दप्तरे मिळवली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, पुढे या मालेचे २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करण्यात त्यांचा पुढाकार होता. मात्र अखेरच्या काळात ते धुळ्यात होते आणि तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचा संग्रह नष्ट होऊ नये म्हणून धुळेकरांनी मंडळ स्थापन केले. मंडळाचे वस्तुसंग्रहालय आहे आणि ‘संशोधक’ हे नियतकालिकही. त्याआधीच, १८९३ मध्ये, शंकर श्रीकृष्ण देव यांनी येथे सत्कार्योत्तेजक सभा काढली होती. रामदासी संप्रदायाची बाडे सांभाळणारे समर्थ वाग्देवता मंदिर हे याच परंपरेतले. विद्यापीठ किंवा राजधानी नसलेल्या शेतीप्रधान जिल्ह्यात हे काम लोकवर्गणी आणि स्वयंसेवेवर झाले.

या कागदांत असते काय?

दरबारी पत्रव्यवहार हा त्यातील एक भाग. त्याखेरीज वतनपत्रे, कौलनामे, हिशेब, पाणी व बांधाचे तंटे आणि महजर असतात. महजर म्हणजे गावसभेच्या निवाड्याचा कागद. त्यावर लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या असतात; पाटील-कुणब्याची निशाणी नांगर, तर बलुतेदारांची त्यांच्या हत्यारांची. सामान्य माणूस इतिहासात दिसतो तो मुख्यतः येथेच. पुण्यातील पेशवे दप्तर सरकारी अभिलेखागारात आहे. गावच्या कागदांना तसे छत्र नाही.

केंद्राच्या अभियानात अडचण कोणती?

२०२५-२६च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन करण्याची घोषणा झाली. तरतूद साडेतीन कोटींवरून ६० कोटी रुपयांवर गेली. खासगी संग्राहकांनाही त्यात स्थान आहे. अडचण व्याख्येची आहे. २००३ पासूनच्या राष्ट्रीय हस्तलिखित अभियानाने हस्तलिखित म्हणजे किमान ७५ वर्षे जुना, हाती लिहिलेला आणि ज्ञानविषयक आशय असलेला मजकूर, असे मानले. फर्माने, महसुली कागद, शिलालेख यांना ऐतिहासिक अभिलेख म्हणून वेगळे ठेवले. म्हणजे ज्ञानेश्वरीची पोथी आत, पण तिच्याच शेजारचा महजर बाहेर. हा निकष तसाच राहिला, तर मराठी दप्तरांचा मोठा भाग अभियानाच्या कक्षेबाहेर जाईल.

मग कायदा संरक्षण देत नाही का?

सार्वजनिक अभिलेख कायदा, १९९३ हा केंद्र सरकार व केंद्रशासित प्रदेशांच्या अभिलेखांपुरता आहे. पुरावशेष व कलानिधी कायदा, १९७२ नुसार ७५ वर्षांहून जुने ऐतिहासिक मूल्याचे कागद पुरावशेष ठरतात; त्यामुळे ते परदेशी नेण्यावर बंधन येते. पण वाळवी, ओल आणि रद्दी यांपासून हा कायदा वाचवत नाही. तो खर्च अखेर संस्थेलाच उचलावा लागतो.

स्कॅनिंग केले की प्रश्न सुटेल?

अंशतः. विसाव्या शतकाच्या मध्यात मोडी व्यवहारातून गेली आणि वाचणारे कमी होत गेले. कोणत्या रुमालात कोणत्या गावचा कागद आहे याची सूची नसेल, तर हजारो प्रतिमा संगणकात पडून राहतात. आयआयटी रुरकीच्या गटाने २०२५ मध्ये इतर संस्थांच्या साथीने मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली मांडली. त्यासाठी दोन हजारांहून अधिक मोडी प्रतिमांचा संच वापरला गेला. हा आरंभ आशादायक आहे. तरी हस्ताक्षर, काळ आणि स्थानिक शब्द बदलले की यंत्राचे वाचन तपासायला जाणकार लागतोच.

पुढे काय व्हायला हवे?

राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. त्यातून तयार होणाऱ्या वाचकांना जिल्ह्यातील संस्थांत सूचीकरणाचे मानधनाचे काम देता येईल. केंद्राच्या अभियानात मोडी अभिलेखांसाठी स्वतंत्र वर्ग मागण्याचे काम राज्य सरकारचे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याने त्या मागणीला बळही आहे. मूळ कागद मात्र जिल्ह्यातच राहायला हवेत. ते राजधानीत गेले, तर ज्या गावांचा तो इतिहास आहे त्या गावांनाच तो पाहायला मिळणार नाही. राजवाडे यांनी जमवलेले कागद धुळ्याने शंभर वर्षे सांभाळले. अजून माळ्यावर असलेल्यांकडे तेवढा वेळ नाही.