रंग काढला म्हणून बिल्डिंग विकली जात नाही

डोंबिवलीतला आमचा वन बीएचके विकायला काढून आठ महिने झाले. बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि आईला तीन मजले चढवत नाहीत, म्हणून तळमजल्यावर कुठंतरी जागा बघतोय. गिऱ्हाईक लगेच मिळालं, भाव ठरला, टोकनही घेतलं. मग त्यांच्या बँकेचा व्हॅल्युअर आला.

त्यानं आमच्या नव्या किचनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जिन्याखालच्या कॉलमवर टॉर्च मारला. प्लास्टर सुटलेलं, गंजलेल्या सळया बाहेर. "स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं?" सेक्रेटरी गप्प. कर्ज नामंजूर, टोकन परत.

बँकेला दोष कसा द्यायचा? वीस वर्षं हप्ते घ्यायचे, तर तोवर बिल्डिंग उभी राहील का हे ती बघणारच.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत स्पष्ट आहे: 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर 5 वर्षांनी, त्यापुढे दर 3 वर्षांनी. आमची 34 वर्षांची, ऑडिट शून्य. दुरुस्ती निधी वर्षाला किमान 0.75 टक्के, पण तो बांधकामाच्या मूळ खर्चावर. त्या काळी एका फ्लॅटचा खर्च लाखभर धरला तर वर्षाचे साडेसातशे रुपये! त्यात कॉलमची दुरुस्ती होते का?

दर एजीएमला एकच पालुपद. "रिडेव्हलपमेंट होणारच आहे, खर्च कशाला?" बारा वर्षं ऐकतोय, बिल्डर काही आला नाही. खरी भीती वेगळीच आहे: ऑडिटमध्ये धोकादायक निघाली तर जायचं कुठं? भीती मलाही आहे. पण रिपोर्ट काढला नाही म्हणून सळई गंजायची थांबत नाही.

पेन्शनवर जगणाऱ्या काकांना एकदम लाख-दीड लाख झेपणार नाहीत, मान्य. मग दोन वर्षांचे हप्ते करा, पण ऑडिट आधी करा. कर्ज मिळत नाही म्हटल्यावर रोखीवाले येतात आणि भाव पाडून मागतात. आज मला सहा लाख कमी सांगतायत, उद्या तुम्हालाही सांगतील.

आई अजूनही जिन्यात दोनदा बसून वर येते.

तुमच्या सोसायटीचं शेवटचं ऑडिट कधी झालं? आजच सेक्रेटरींना विचारा आणि खाली कमेंटमध्ये लिहा.