वजनदार खोटेपणा

ब्रेकच्या सुट्या भागांचं डिझाइन करण्यात माझी बरीच वर्षं गेली. या कामातल्या माणसाला गाडीचं वजन हा माहितीपत्रकातला एक आकडा वाटत नाही. गाडीत वाढलेला प्रत्येक किलो शेवटी उष्णता होऊन त्याच्याच डिस्कवर येतो. म्हणूनच स्पष्ट सांगतो: आजच्या बहुतेक स्पोर्ट्स कार आपल्या वजनाबद्दल चालकाशी खोटं बोलतात, आणि आपण टाळ्या वाजवतो.

बीएमडब्ल्यू एम५ घ्या. चार दारांची असली, तरी ओळख स्पोर्ट्स कारचीच. १९८५च्या सुमाराची पहिली एम५ साधारण १४३० किलोंची होती. २०२४ची हायब्रिड एम५ २४०० किलोंच्याही पुढे गेली. ताकद ७२७ अश्वशक्ती, म्हणजे आधीच्या पिढीतल्या कॉम्पिटिशन मॉडेलपेक्षा सुमारे १०० जास्त. तरीही शून्यापासून १०० किमीचा वेग गाठायला, कंपनीच्याच आकड्यांनुसार, तिला किंचित जास्त वेळ लागतो. वाढलेली सगळी ताकद वाढलेलं वजन ओढण्यात गेली!

मग हे वजन लपवायचं कसं? मागची चाकंही वळवायची: कमी वेगात पुढच्या चाकांच्या उलट दिशेला, म्हणजे लांबलचक गाडी आखूड असल्यासारखी वळते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर क्षणोक्षणी कडक-मऊ करायचे. टायर रुंद, डिस्क मोठ्या. यातला प्रत्येक उपाय कौतुकास्पद आहे, मला त्यामागची मेहनत कळते. पण प्रत्येक उपाय स्वतःचं वजन घेऊन येतो, आणि त्यासाठी पुन्हा नवा उपाय लागतो. औषधाच्या दुष्परिणामावर दुसरं औषध, असा हा प्रकार आहे.

आवाजाची गोष्ट तर विचारूच नका. २०११च्या पिढीतल्या एम५मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून ऐकवायला सुरुवात झाली, कारण टर्बो आणि उत्तम ध्वनिरोधन यांनी खरा आवाज दाबला होता. २०२३ची ह्युंदाई आयोनिक ५ एन त्याही पुढे गेली. या विजेच्या गाडीत गिअर बदलल्याचे खोटे झटके बसतात, सोबत नसलेल्या इंजिनाचा आवाज येतो. गंमत म्हणून ठीक, बंदही करता येतं. पण समीक्षक त्याला ‘चालकाशी नातं’ म्हणतात, तेव्हा मला राग येतो. स्टिअरिंग आणि पेडल यांतून चालकाला टायरची पकड कळते, ते नातं. त्याला बरं वाटावं म्हणून वाजवलेली ध्वनिफीत म्हणजे नातं नव्हे.

"सुरक्षेच्या नियमांमुळे वजन वाढणारच," हे ठरलेलं उत्तर. ते अर्धं खरं आहे. एअरबॅग, मजबूत सांगाडा यांचं वजन मी आनंदानं सोसेन. पण २०१५ची माझदा एमएक्स-५ आधीच्या पिढीपेक्षा सुमारे १०० किलोंनी हलकी निघाली. २०१७ची अल्पीन ए११० अ‍ॅल्युमिनियमच्या जोरावर ११०० किलोंच्या आसपास राहिली. नियम त्यांनाही होतेच. बॅटरी जड असते, हेही मान्य. विजेच्या गाड्यांना माझा विरोध नाही. पण पेट्रोलच्या गाड्या त्याआधीपासूनच फुगत होत्या, त्याचं काय?

१९९६ची लोटस एलिस आठवा. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या चक्क एपॉक्सीनं चिकटवून केलेला तिचा सांगाडा ६८ किलोंचा, आणि अख्खी गाडी साधारण ७२५ किलोंची. इंजिन फक्त ११८ अश्वशक्तीचं, तरीही शून्यापासून ६० मैलांचा वेग सहा सेकंदांच्या आत! त्यासाठी कुठलीही जादू नव्हती. प्रत्येक ग्रॅमसाठी कुणीतरी भांडलं होतं.

हे भांडण फक्त शौकिनांचं नाही. दुप्पट वजनाची गाडी त्याच वेगात दुप्पट ऊर्जा घेऊन धावते. ब्रेक, टायर, रस्ता आणि समोर आलेला माणूस, सगळ्यांनाच ती पेलावी लागते. तिथे संगणकाची चलाखी चालत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी नव्या गाडीची अश्वशक्ती कौतुकानं सांगू लागला, तर त्याला आधी वजन विचारा. तो अडखळला, तर त्यानं माहितीपत्रकच वाचून दाखवलं असं समजा.