मामा तलाव सिंचनाचे आहेत, म्हणून ते पाणथळ नाहीत?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यात 'मामा तलाव' कोणाला समजावून सांगावा लागत नाही. माजी मालगुजारी तलाव. गोंड राजवटीत कोहळी समाजाने मातीच्या पाळी घालून बांधलेले असे हजारो तलाव आहेत. वरच्याच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत म्हणजे लहान तळ्यात आणि शेवटी धानाच्या बांधीत जाते. केंद्राच्या 2017 च्या पाणथळ जागा संवर्धन नियमांनी या तलावांना व्याख्येतूनच वगळले. पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यपालनासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय आणि भातशेती या व्याख्येत येत नाहीत. एवढ्या आधारावर कार्यालयातून ग्रामसभेपर्यंत एकच सूर ऐकू येतो: तलाव सिंचनाचा आहे, त्याला पाणथळाचे नियम कशाला?

हा युक्तिवाद मुळातच टिकत नाही. ज्या रामसर करारातून पाणथळ जागांच्या संरक्षणाची ही चौकट आली, त्या 1971 च्या कराराच्या पहिल्याच कलमात नैसर्गिक आणि कृत्रिम अशा दोन्ही पाणथळ जागा आहेत. महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ ठरलेले नांदूर मधमेश्वर म्हणजे तरी काय? गोदावरीवर सिंचनासाठी घातलेल्या बंधाऱ्यामागे साचलेले उथळ पाणी. नाशिक जिल्ह्यात सिंचनाच्या बंधाऱ्यामागची पाणथळ जागा जगाच्या मानाची ठरते आणि गोंदियात तसाच तलाव व्याख्येत बसत नाही, हे मला पटत नाही. महाराष्ट्रात सारस आता प्रामुख्याने गोंदिया आणि आसपासच उरला आहे. तो घरटे करतो धानाच्या बांधीत आणि चरतो तलावाच्या काठाला. म्हणजे त्याच्या दोन्ही जागा नियमाबाहेर.

सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये देशातल्या 2,01,503 पाणथळ जागांना संरक्षण द्यायला सांगितले आहे, मग आणखी काय हवे, असे काही जण म्हणतील. तो आदेश मोलाचा आहे. पण ती यादी उपग्रहाच्या नकाशावरून केलेली आणि सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या जागांची आहे. बोडी त्यात येणार नाही. बोडी बुजली की वरच्या तलावाची साखळी तुटते, हे नकाशात दिसत नाही, गावात दिसते.

दुसरा आक्षेप अधिक आवाजात येतो: नियम आले की शेतकऱ्याचे पाणी जाईल. ही भीती दाखवणाऱ्यांनी 2017 चे नियम एकदा वाचावेत. त्यात मनाई आहे ती अतिक्रमणाला, कचरा टाकायला, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडायला, उद्योग उभारायला आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरांच्या आत पक्के बांधकाम करायला. यातल्या कशाने धानाचे पाणी तुटते? ते तुटते वरच्या पाणलोटात मुरूम खणल्याने, तलावात पाणी आणणारा येव्याचा नाला प्लॉट पाडणाऱ्याने बुजवल्याने, बुडीत जमिनीवर कायमची शेती बसल्याने. शेतकऱ्याचे पाणी वाचवायचे असेल तर पाळीइतकाच तिच्या वरचा परिसरही नियमात घ्यावा लागेल.

आता दुरुस्तीचे पाहा, कारण सगळ्यात मोठे नुकसान चांगल्या हेतूने होते आहे. गाळ काढायलाच हवा, याबद्दल दुमत नाही. पण जेसीबी उतरतो तो काठापासून खणत जातो. मामा तलावाचा काठ मुळात बशीसारखा उथळ असतो: गुडघाभर पाणी, त्यात देवधान, कमळ, पाण्याखालच्या वनस्पती. मरळीसारखे देशी मासे तिथेच अंडी घालतात, ढिवर बाया तिथेच हातजाळे टाकतात, गुरे तिथूनच पाण्यात उतरतात. खोदकामानंतर तिथे उभी कड राहते. वनस्पतींना मूळ धरायला जागा नाही, गुरांना उतरायला वाट नाही, आणि उघड्या पडलेल्या मातीवर बेशरम माजते. साठवण वाढल्याची नोंद होते, तलाव मात्र खड्डा होतो. 'काठाचा पट्टा सोडून मधला गाळ काढावा' एवढे एक वाक्य कामाच्या आदेशात असते तर हे टळले असते. मला हवे आहेत ते गावाने आपल्या तलावासाठी स्वतः ठरवलेले स्थानिक नियम, आणि ते असे, इतके साधे आहेत.

तिसरा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. गावकरीच अतिक्रमण करतात, त्यांच्या हाती नियम कसे द्यायचे? अतिक्रमण होते, हे खरे आहे. पण ते का वाढले? मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. त्यानंतर 100 हेक्टरांपर्यंत सिंचनाच्या तलावांची पाळ आणि पाणी जिल्हा परिषदेकडे, मासेमारी ठेक्याने संस्थेकडे, जमिनीची नोंद महसुलाकडे. तलाव एक, मालक तीन, आणि संपूर्ण तलावाचा जाब कोणालाच नाही. विदर्भातल्या गावांना पाण्याचे नियम परके नव्हते. वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक यांत गावाची वहिवाट लिहिली जात असे, आणि 1966 च्या जमीन महसूल संहितेत आजही त्यांना जागा आहे. ज्यांच्या हातून अधिकार काढून घेतले, त्यांच्यावरच बेजबाबदारीचा ठपका ठेवणे अन्यायाचे आहे.

व्याख्या बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती दिली आहे, आणि त्याच कायद्याच्या 37 व्या कलमानुसार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून राज्य सरकार एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करू शकते. जिथे वनहक्क कायदा लागतो, तिथे ग्रामसभेच्या सामूहिक हक्कांत मासे आणि जलाशय येतात. कामाला सुरुवात 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून करता येईल. तेव्हा तलाव भरलेला असतो. शेतकरी, ढिवर संस्था आणि तलाठी यांनी मिळून भरल्या पाण्याच्या रेषेवर खुणा घालाव्यात, येव्याचे नाले गटक्रमांकासह लिहून घ्यावेत आणि तो ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा. राज्याच्या पाणथळ प्राधिकरणाने असे ठराव मागवून घ्यावेत, आणि सिंचनाच्या तलावांना लावलेली सूट केंद्राकडे पाठपुरावा करून काढून टाकावी.