मन मोकळे करायची जागा

मी हेडमास्तरच्या खुर्चीत बसलो आणि पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट ध्यानात आली. शिक्षकांच्या खोलीतला हशा मी आत शिरताच थांबू लागला. कालपर्यंत त्या हशात माझाही वाटा होता! खालच्यांशी बोलावे तर ते बिचकतात, वरच्यांशी बोलावे तर ते आपले वजन करतात, आणि घरी बोलावे तर घरच्यांचीही झोप उडते.

अशातच फीच्या हिशेबात घोळ सापडला. कारकून माझा जुना मित्र. झाकावे की उघड करावे? चार रात्री तळमळलो आणि शेवटी एका निवृत्त गुरुजींकडे गेलो. त्यांनी सल्ला दिलाच नाही. सगळे ऐकून घेऊन एवढेच विचारले, "भीती कसली वाटते? मैत्री तुटण्याची, की आपण वेळेवर वह्या तपासल्या नाहीत हे कळण्याची?"

दुसऱ्या दिवशी मी सारे मंडळापुढे ठेवले, स्वतःच्या ढिलाईसकट. मैत्री गेली, झोप परत आली. गुरुजींनी मात्र त्या संध्याकाळचा शब्द कधी बाहेर काढला नाही.

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. १८९७ साली प्लेगच्या बंदोबस्तातील सोजिरांच्या अत्याचारांविषयी गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत बोलले. पुराव्याला कोणी पुढे येईना, तेव्हा परतल्यावर त्यांनी जाहीर माफी मागितली आणि स्वकीयांचेही बोल खाल्ले. वय अवघे ३१. पण पाठीशी न्यायमूर्ती रानडे होते. १९०१ मध्ये रानडे गेले. पुढे गोखले स्वतःच गांधीजींचे तसे आधार झाले. १९१५ च्या जानेवारीत गांधीजी मायदेशी आले, तेव्हा 'वर्षभर देश पाहा, राजकारणावर बोलू नका,' असे गोखल्यांचे सांगणे होते. त्याच फेब्रुवारीत गोखले वारले. गांधीजींनी मात्र शब्द पाळला.

हल्ली कंपन्यांतून साहेबांसाठी पैसे मोजून 'कोच' नेमतात. आमचे मित्र त्याला हसतात. मी हसत नाही. ऐकणाऱ्याला आपल्या बढतीत वा बदलीत काही स्वार्थ नसावा आणि ऐकलेले त्याच्यापाशीच राहावे, एवढे साधले म्हणजे झाले. मग तो गुरुजी असो की कोच.

यंदा फराळाला कोणी नवा साहेब किंवा नवा सरपंच आला, तर लाडू पुढे करताना त्याला हळूच विचारा, "बोलायला कोणी आहे ना?"