रुग्णाची भाषा कोण शिकणार?

घोडबंदर या नावात घोडाही आहे आणि बंदरही. परदेशांतून आलेले घोडे येथे खाडीत उतरत, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. घोडे विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची भाषा शिकावीच लागत असेल. त्यावाचून सौदा कसा पटणार? आज त्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जागोजागी रुग्णालयांच्या पाट्या दिसतात. त्यांच्या दारी येऊरच्या पाड्यावरचा वारली येतो, खाडीकाठचा कोळी आणि आगरी येतो, बांधकामावरचा भोजपुरी गवंडी येतो, उंच इमारतीत मुलाकडे राहायला आलेली तमिळ आजीही येते. त्यांचे दुखणे त्यांच्याच शब्दांत समजून घेण्याची विद्या मात्र आपण भावी डॉक्टरांना आणि परिचारिकांना पुरतेपणी देत नाही. व्यापाऱ्याला जे नफ्यासाठी उमगले, ते आपल्याला प्राणांसाठीही उमगू नये काय?

काही वर्षांपूर्वी एका आजारी माणसाला तैलाभ्यंग देण्यासाठी मी एका रुग्णालयात गेलो होतो. शेजारच्या खाटेवर पाड्यावरची एक वृद्धा होती. परिचर्येचे शिक्षण घेणारी एक मुलगी तिला गोळ्या समजावून देत होती : दिवसातून तीनदा, जेवणानंतर. आजी प्रत्येक वाक्याला मान हलवीत होती. मुलीने समाधानाने वहीत नोंद केली आणि ती पुढे गेली. मी सहज विचारले, "आजी, समजलं ना?" ती म्हणाली, "आम्ही दोनदाच जेवतो, बाबा. मग तिसरी गोळी कधी घ्यायची?"

मान हलविणे म्हणजे 'ऐकले', 'समजले' नव्हे. मोठ्यांपुढे, शिकलेल्यांपुढे गरीब माणूस नाही म्हणत नाही, हे त्या मुलीला कोणी सांगितलेच नव्हते. मी तिला परत बोलाविले. ती क्षणभर ओशाळली, मग खाटेच्या कडेवर बसून तिने मोडक्या मराठीत विचारले, "आजी, तुम्ही कधी कधी जेवता?" त्या एका प्रश्नाने औषध खऱ्या अर्थाने रोग्यापर्यंत पोहोचले. ती मुलगी केरळमधून आलेली, आपल्याच श्रद्धेची होती. दोष तिचा नव्हता. दोष तिला घडविणाऱ्या शिक्षणाचा होता.

शिक्षणात काहीच बदलले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे धडे आले. प्रारंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेलाही जागा मिळाली. पण पुढची सारी वर्षे ती भाषा तोंडात राहावी, यासाठी काय होते? परिचर्येच्या पदवीच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात संवादासाठी इंग्रजी हा विषय आहे. इंग्रजीशी माझे वैर नाही. परंतु खाटेवरचा माणूस 'अंगात कणकण आहे', 'घेरी येते', 'पोटात मुरडा पडतो', 'जीव घाबरा होतो' असे सांगतो, तेव्हा ती इंग्रजी त्याच्या काय कामाची?

यावर दोन उत्तरे हमखास मिळतात. पहिले : "ठाण्यात सगळ्यांना हिंदी येते." येते, रिक्षाचे भाडे ठरविण्यापुरती येते. वेदना मात्र बाजारच्या भाषेत बोलत नाही. दुसरे उत्तर : "नातेवाईक असतातच की सांगायला." हे उत्तर तर क्रूर आहे. 'अंगावरून जाते' हे कोणती आई आपल्या मुलाच्या तोंडून डॉक्टरला सांगेल? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांत केलेली पाहणी १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८. तपासणारी स्त्री त्यांच्या शब्दांत बोलू लागली, तेव्हा ते मुके दुखणे जगापुढे आले. पुढे त्यांनी रुग्णालय उभारले तेही आदिवासींना विचारून, त्यांच्या वस्तीसारख्या झोपड्यांचे आणि त्यांच्या दंतेश्वरी देवीच्या नावाचे. आपल्यापाशी दवाखान्यात येणाऱ्याला असे विचारण्याचे धैर्य आहे काय?

कोणी म्हणेल, फादर मराठीचा झेंडा घेऊन निघाले. तसे नाही. भोजपुरी गवंड्याला मराठीत दटावणारा डॉक्टरही मला तितकाच चुकलेला वाटतो. येथे अभिमान भाषेचा नव्हे, प्रश्न माणसाचा आहे.

आणि आपण ख्रिस्ती जनांनी तर येथे मागे राहूच नये. संत मार्क सांगतो की, बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला येशूने गर्दीतून बाजूला नेले, त्याच्या कानांना आणि जिभेला स्पर्श केला. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी प्रभू स्पर्शाच्या भाषेत बोलला. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स आधी आपल्या लोकांची भाषा शिकले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले १६१६ मध्ये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला दार उघडले. वेदीवर जी भाषा पवित्र ठरली, ती खाटेपाशी परकी का असावी?

म्हणून माझी मागणी साधी आहे. परिचर्या व वैद्यक शिकविणाऱ्या संस्थांनी, आणि त्यांत आपल्या कॅथलिक संस्थांनी सर्वांत आधी, रुग्णालाच शिक्षक करावे. विद्यार्थ्याने काही दिवस पाड्यावर, चाळीत, मजुरांच्या वस्तीत जाऊन तेथील जेवणाच्या वेळा, उपवास, लाज आणि भीती समजून घ्यावी. सांगितलेले रुग्णाने स्वतःच्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय परीक्षेत गुण देऊ नयेत. दुभाषी शिकविलेला असावा; रुग्णाचे मूल नव्हे.

आणि धर्मग्रामातील कुटुंबांनो, रविवारी मिस्सानंतर वसतिगृहाकडे एकट्या परतणाऱ्या परप्रांतीय परिचारिका आपण पाहतोच. त्यांना घरी जेवायला बोलवा. आपल्या आजीला त्यांच्याशेजारी बसवा. कणकण म्हणजे काय, हे आजीइतके चांगले कोणताही प्राध्यापक शिकविणार नाही. उद्या त्याच आजीच्या उशाशी कदाचित तीच मुलगी उभी असेल.